तिरपी पट्टी

“उस्ताद, आणखी किती अंश फिरवू?”

घरापुढच्या खळ्यातल्या मोठ्या डिशपुढे स्टुलावर उभ्या असलेल्या भार्गव तांडेलने हे पाचव्यांदा विचारले.

त्याचा थोरला भाऊ मोरेश्वर ज्या मालवाहू जहाजावर होता, ते तीन दिवसांपूर्वी आफ्रिकेच्या किनाऱ्यानजीक बुडाले होते. नऊ खलाशी वाचले होते. त्यांची नावे मात्र कोणीच सांगत नव्हते. तिकडच्या एका वाहिनीवर चार वाजता त्या नऊ जणांना दाखवणार होते.

चाराला बारा मिनिटे कमी होती. ओटीवरच्या टीव्हीत नुसते चौकोन फुटत होते.

बाकावर दाऊदमियाँ बसले होते. जहाजांवर रेडिओ अधिकारी म्हणून त्यांची उभी हयात गेली होती. भार्गव डिशचे काम त्यांच्याच हाताखाली शिकला आणि तालुक्याला दुकान थाटून बसला. त्याने बसवलेली डिश केसभरही कलत नसे. हातभर लांबीची, बुडबुड्याची आपली पाणसळ लावल्यावाचून तो साधा खिळासुद्धा ठोकत नसे.

“मीटर काय म्हणतो?”

“एकतीस.”

“डावीकडे फिरवल्यावर?”

“एकतीस.”

“आणि उजवीकडे?”

“एकतीसच.”

“हा सिग्नल मळसूत्रासारखा फिरत येतो, बाबा. तुझा एलएनबी, डिशपुढचा तो सिग्नल पकडणारा डबा, म्हणजे सरळ फट. फट कशीही फिरव… अर्धाच आत शिरणार.”

“फिरत्या सिग्नलचा एलएनबी मागवायला दोन दिवस लागतील, उस्ताद!”

“दोन दिवस आहेत?”

म्हातारा उठून स्वयंपाकघरात गेला. परतला तो मोरेश्वरच्या बायकोची, काशीवहिनीची, मासे चिरायची पांढरी प्लास्टिकची फळी घेऊन. त्याने करवतीने तिची चार बोटे रुंद पट्टी कापली.

“अहो, ती माझी…” वहिनी म्हणाली आणि तिने पदर तोंडाशी धरला.

“एलएनबीच्या नळीच्या तोंडात बसव.”

भार्गवने पाणसळ लावली. बुडबुडा मधोमध आला. पट्टी ओळंब्यात, अगदी सरळ उभी बसली.

एकतीस.

“काही फरक नाही, उस्ताद.”

“तिरपी कर. अर्धा काटकोन. तिरप्या पट्टीतून जाताना सिग्नलचा पीळ सुटतो.”

भार्गवच्या हाताला ते रुचले नाही. तरी त्याने पट्टी कलवली.

“भाऊजी!” ओटीवरून वहिनी किंचाळली. “होतं तेही गेलं!”

पडदा कोरा झाला होता. मीटर दोनवर आला होता. चाराला तीन मिनिटे. पट्टी उपटायला त्याने हात घातला, तोच म्हाताऱ्याने मनगट धरले.

दाऊदमियाँ हसत होते.

“आता दुसऱ्या अंगाला कलव.”

भार्गवचा हात हलेना. फुटक्या चौकोनांत कोणताही चेहरा मोरेश्वरचा ठरू शकला असता…

“काय झालं?”

“स्वच्छ दिसलं, आणि त्यात तो नसला तर?”

“हं.”

म्हाताऱ्याने मनगट सोडले.

भार्गवने डोळे मिटले आणि पट्टी कलवली.

मीटर अठ्ठावन्नवर गेला. निवेदिकेच्या कानातल्या कुड्यासुद्धा दिसू लागल्या. मग बंदराचा धक्का आला, एक शिडी आली आणि करड्या घोंगड्या पांघरलेली माणसे एकामागून एक उतरू लागली. पाच… सहा… सात…

आठवा डावा खांदा पाडून चालत होता. या चालीवरून भार्गवने भावाला जन्मभर टोकले होते.

“भाऊजी… हे! हे आहेत हो!”

भार्गव स्टुलावर मटकन बसला. डोळे पुसायचेही त्याला भान नव्हते.

“उस्ताद, सगळं गेलं, तेव्हा तुम्ही हसलात कसे?”

“एका अंगाला सगळं गेलं, म्हणजे दुसऱ्या अंगाला सगळं येणार, बाबा.” दाऊदमियाँनी कापलेली फळी उलटसुलट न्याहाळली. मग भार्गवच्या मांडीवरची पाणसळ उचलून ती वहिनीच्या हाती दिली.

“तुझी फळी मी मोडली, पोरी. आजपासून मासे हिच्यावर चीर.”