राखण नको असलेलं पीक

एका ओढ्याकाठच्या गावात एक शेतकरी राहत होता. माणूस कष्टाळू, पण हाताचा भारी आखडता. ज्वारी निसवून कणसं बाहेर पडली की तो गोफण घेऊन रानातल्या माळ्यावर चढायचा आणि दाणे टिपायला येणाऱ्या भोरड्यांच्या थव्यांवर दिवसभर खेकसायचा. हुरड्याच्या दिवसांत कुणी बांधाशी थबकलं, की हा माळ्यावरूनच त्याला हाकलायचा. शेजारणीची शेळीसुद्धा त्याला वैरीण वाटायची.

एकदा बाजारात त्याला तंबाखूचा व्यापारी भेटला. "या पिकाला गुरं तोंड लावत नाहीत, पाखरं फिरकत नाहीत. राखणीची कटकटच नाही," व्यापारी म्हणाला.

शेतकऱ्याला आणखी काय हवं होतं? त्याने ओढ्याकडचा एक तुकडा सोडून सगळ्या रानात तंबाखू लावला. पानं जाड व्हावीत म्हणून फूल दिसताच तो शेंडा खुडून टाकी. पानं वाळवायच्या भट्टीला लाकूड लागलं, तेव्हा बांधावरची बाभूळ गेली, मग लिंब गेला, आणि ज्याच्या सावलीत तो भाकरी खायचा तो आंबाही गेला.

त्याची बायको सकाळी दवाने भिजलेली पानं तोडायची. दुपारपर्यंत तिला गरगरायचं, उलट्या व्हायच्या.

"अहो, हे पान मला बाधतंय. ओढ्याकडच्या तुकड्यात तरी ज्वारी पेरू या," ती म्हणाली.

"आणि सगळ्या गावाला खायला बोलवू?" तो म्हणाला, आणि तिथेही तंबाखूच लावला.

त्या हंगामात ती सरीतच कोसळली. तिचा भाऊ गाडी घेऊन आला. "बरी झाले तरी या पानांत परत यायची नाही," एवढंच बोलून ती माहेरी गेली.

घर खायला उठलं. शेतकरी सवयीने माळ्यावर जाऊन बसला. भोरड्यांचा थवा आला आणि खाली न बघता पुढे गेला. शेजारीण शेळ्या घेऊन लांबच्या वाटेने चालली होती.

"वहिनी, जरा थांबा की," त्याने हाक मारली.

"थांबून काय करू, भाऊजी? तुमच्या बांधावर ना सावली, ना शेळीला पाला."

आता कुणी काही नेत नव्हतं, कारण कुणी येतच नव्हतं. हे कळलं तेव्हा तो माळ्यावर बसून रडला.

पुढच्या साली त्याने तंबाखू काढून ज्वारी पेरली. जमिनीचा कस गेलेला, त्यामुळे कणसं बारीकच धरली. एके सकाळी एक भोरडी कणसावर उतरली. त्याचा हात गोफणीकडे गेला आणि तिथेच थांबला. "खा बाई," तो म्हणाला.

मग हुरड्याची चार कणसं फडक्यात बांधून तो बायकोच्या माहेरी गेला. तिने एक कणीस हातावर चोळलं.

"पाखरं आली होती?" तिने विचारलं.

"आली होती. खाऊन गेली."

"मग मी येते," ती म्हणाली.

ती आली. आंब्याची सावली मात्र पुन्हा आली नाही. दोघं उन्हातच बसून भाकरी खायची, आणि शेजारी त्याने लावलेलं आंब्याचं रोप अजून गुडघ्याएवढंच होतं.

तात्पर्य: ज्या रानात दुसऱ्या कुणासाठी घास उरत नाही, ते रान शेवटी धन्यालाही एकटं पाडतं.