कानात कापूस घातलेले गुरुजी

एकदा एका तालुक्याच्या गावी, तिथल्या ख्रिस्ती मंडळीत, शांतवन नावाचा तरुण उपासनेत पुढे उभा राहून गीतं म्हणत असे. गळा असा, की पेटीवर काळी चारची उंच पट्टी धरली तरी मानेची शीर हलायची नाही. लग्न असो, बाप्तिस्मा असो, शांतवन नसला की लोकांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. आणि हे त्याला ठाऊक होतं, हेही सांगून टाकलेलं बरं.

या मंडळीला जोडून तीन वाड्या होत्या. दर रविवारी तिथे वेगळी उपासना भरे. पण उपासना चालवणारे पाळक एकच, आणि त्यांचेही गुडघे दुखू लागलेले. नाताळ झाल्यावर मंडळीच्या पंचांनी ठरवलं, की ज्या वाडीत उपासना चालवणारं माणूस तयार होणार नाही, तिथली उपासना पुनरुत्थानाच्या सणापासून, म्हणजे ईस्टरपासून, बंद. लोकांनी गावातल्या चर्चमध्ये यावं. म्हणायला सोपं होतं. अठरा किलोमीटरवरच्या म्हाताऱ्या काही येणार नव्हत्या, त्यांचा रविवार कायमचा जाणार होता.

माणसं तयार करायचं काम साहजिकच शांतवनकडे आलं. प्रत्येक वाडीतून चार-चार जण शनिवारी दुपारी चर्चमध्ये जमू लागले. शांतवन जीव तोडून शिकवायचा. कुणी एखादी ओळ बेसूर म्हटली की तिथल्या तिथे थांबवायचा आणि स्वतः म्हणून दाखवायचा. इतकी सुंदर, की शिकणारे आपलं शिकणं विसरून ऐकत बसायचे. तिसऱ्या शनिवारी बारांपैकी सात उरले. पाचव्या शनिवारी एकटी रूथबाई आली. ही सर्वांत दूरच्या वाडीतल्या शाळेत खिचडी शिजवणारी बाई. चुलीच्या धुराने आवाज घोगरा झालेला. तीही निरोप घ्यायलाच आली होती. "भाऊ, तुमच्यासारखं या जन्मी जमायचं नाही आम्हाला," असं म्हणून तिने गीतांचं पुस्तक परत केलं.

शांतवनने कपाळाला हात लावला. लोकांना सेवाच नको आहे, अशी तक्रार घेऊन तो गुरुजींकडे गेला. गुरुजी म्हणजे निवृत्त शाळामास्तर, ऐंशीला टेकलेले, मंडळीतले सर्वांत वडीलधारे. शांतवनला पेटीवर बोट कसं ठेवायचं ते त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि रविवारी बघतो, एवढंच म्हणाले.

रविवारी गुरुजी पहिल्या बाकावर येऊन बसले. शांतवनने सूर धरला, तसा त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कापूस काढला, त्याचे दोन बोळे केले आणि दोन्ही कानांत घातले. मग शांतवनकडे चक्क पाठ फिरवून ते मंडळीकडे बघत बसले. पाच कडवी संपेपर्यंत वळले म्हणून नाहीत. लोक एकमेकांना कोपराने ढोसू लागले. शांतवनचा चेहरा लाल झाला. भर उपासनेत आपली अब्रू गेली, तीही गुरूच्या हातून, हे त्याच्या मनाला फार लागलं.

दुपारी जेवण गेलंच नाही. तो तडक गुरुजींच्या घरी पोचला. "गुरुजी, माझं गाणं ऐकवत नसेल तर तसं सांगायचं होतं," तो म्हणाला.

गुरुजींनी त्याला शेजारी बसवून घेतलं. "बाळा, तुझा आवाज कानी पडला की मला दुसरं काही सुचत नाही. म्हणून कान बुजवले आणि लोकांचे ओठ बघितले. ऐंशी माणसं होती, ओठ हलत होते नऊ जणांचे. बाकीचे तुझं ऐकत होते. मी तुला गायला शिकवलं आणि तिथेच थांबलो, लोकांना गायला कसं लावायचं ते शिकवायचं राहून गेलं. ती चूक माझी. तू सूर धरतोस तो तुझ्या गळ्याच्या सोयीचा. उपासनेत सूर धरावा तो सर्वांत बुजऱ्या माणसाला झेपेल असा. रूथबाईला शांतवन व्हायचं नाहीये रे, तिला तिच्या वाडीची उपासना चालू ठेवायची आहे. जा, आणि आता तिने धरलेला सूर तू पेटीवर शोध."

शांतवनचा राग कधीच उतरला होता, लाज तेवढी राहिली होती.

पुढच्या शनिवारी तो मोटारसायकलला पेटी बांधून रूथबाईच्या वाडीत गेला. तुम्ही सुरू करा, मी मागून येतो, असं त्याने तिला सांगितलं. चुकलं तर काय, असं तिने विचारलं; तो म्हणाला, पुढचं कडवं आहेच की. तिचा सूर त्याच्या नेहमीच्या सुरापेक्षा कितीतरी खाली होता, तो शोधताना त्याची तारांबळ उडाली. ओळ वाकडी गेली की त्याची जीभ वळवळायची, पण तो ओठ चावून गप्प राही आणि गीत संपल्यावर एकच चूक सांगे. दुसरी सांगायचा फार मोह होई. पंधरा दिवसांनी रूथबाई आपणहून दोन शेजारणींना शिकवायला बसली. ही बातमी फिरली, आणि रूथबाई सांगते तर आपण का नाही, म्हणत बाकीच्या वाड्यांतली गळालेली माणसं परतली. कुणी वाचन सांभाळलं, कुणी प्रार्थना.

पुनरुत्थानाच्या सकाळी शांतवन त्या दूरच्या वाडीत पोचला तेव्हा समाजमंदिराच्या पायरीपर्यंत चपलांचा खच पडला होता. आत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो दाराशीच उकिडवा बसला. पाहणीला आलेले पंच उठले आणि म्हणाले, तिन्ही वाड्यांच्या उपासना चालू राहतील, आता हा विषय पुन्हा निघायचा नाही. म्हाताऱ्यांनी पदराने डोळे टिपले. मग रूथबाईने घोगऱ्या आवाजात शेवटच्या गीताचा सूर धरला आणि अख्खी वाडी उभी राहिली. जन्मात कधी तोंड न उघडलेले बाप्ये छाती भरून गात होते, बाया कडेवरच्या पोरांसकट डोलत होत्या.

शांतवनही उठला आणि तिच्याच सुरात, गळा मोकळा सोडून गाऊ लागला. तिसऱ्या कडव्याला त्याच्या ध्यानात आलं, की आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाहीये. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. एवढं मोठं यश त्या गळ्याला त्याआधी कधी मिळालं नव्हतं.