निशाणवाला आणि चार शिलेदार

खेळणी अजून एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. टिपणीस मास्तरांच्या फळीवर हातपाय हलवता येणारे चार शिलेदार उभे होते. पाचवा, निशाणवाला, तेवढा यायचा होता. "तो आला की कूच करायचं," भालाईत रोज म्हणे.

मास्तर दर महिन्याला पैसे साठवून दुकानात जात. दुकानदार दर वेळी म्हणे, "मास्तर, भाव पुन्हा चढला." शेवटी कंटाळून त्यांनी भालाईताला कागदात गुंडाळलं. "याला विकून निशाणवाला आणू, मग याला परत घेऊ," ते म्हणाले. पण तोवर भाव आणखी चढला होता. म्हणून तिरंदाज गेला, मग ढालाईत गेला आणि शेवटी शिंग फुंकणाराही गेला.

मग एकदाचा निशाणवाला आला. त्याने निशाण उंच धरलं आणि मागे वळून पाहिलं.

"बाकीचे कुठे आहेत?"

"तुलाच आणायला गेले," फळी म्हणाली.

"मग मी थांबतो त्यांच्यासाठी."

तेवढ्यात मास्तर भालाईताचा नवा भाव विचारून घरी आले आणि निशाणवाल्यापुरता कागद शोधू लागले.