उलटा र

“...पण ती बांगडी त्यांचीच आहे असं मी सांगितलं असतं, तर त्यांना काय मिळालं असतं, बाई?”

एस्तेरबाई साळवे खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी नुसता हात पुढे केला.

चारुताने पर्समधून बांगडी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. मधाच्या रंगाची, जाड, जुन्या काळच्या प्लॅस्टिकची बांगडी.

सोनार ज्यांना हात लावत नाहीत असे जुने दागिने एस्तेरबाई दुरुस्त करत. शिंगाचे, काचेचे, प्लॅस्टिकचे. नगरमध्ये त्यांचं नाव होतं. चारुता त्यांच्या हाताखाली शिकली आणि आता तिचं स्वतःचं दुकान होतं. जुनं प्लॅस्टिक आपण डोळे मिटून, नुसत्या वासावरून ओळखतो, याचा तिला अभिमान होता.

बाईंनी बांगडी अंगठ्याने घासली. गरम होईपर्यंत घासली. मग नाकाशी नेली.

“बॅकेलाइट,” चारुता म्हणाली. “दवाखान्यासारखा वास येतोय. कापराचा आला असता तर सेल्युलॉइड.”

“ते कळलं. माणूस कोण होता ते सांग.”

चारुताने सांगितलं.

दिगंबर खरमाळे नावाचे एक म्हातारे गृहस्थ सकाळी दुकानात आले होते. दिवाळीच्या आवराआवरीत त्यांच्या पत्नीने जुनी लुगडी बोहारणीला दिली. एका लुगड्याच्या घडीत बांगडी होती, हे तिच्या लक्षातच राहिलं नाही. तेव्हापासून ते जुन्या बाजारात हिंडत होते. शेवटी, चारुताला ही बांगडी विकणाऱ्या विक्रेत्यानेच त्यांना तिच्याकडे पाठवलं.

“मी ही समोर ठेवली. बघताक्षणी त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी आतून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं... आणि म्हणाले, ही नव्हे.”

“काय शोधत होते?”

“त्यांच्या मुलीने कंपासच्या टोकाने आतून एक अक्षर कोरलं होतं. तिच्या नावाचा, रंजनातला र. नुकती लिहायला शिकत होती, म्हणून उलटा निघाला. त्याच वर्षी ती तापाने गेली.”

बाईंनी बांगडी उजेडात धरून आतून पाहिली.

“तुला ती मिळाली तेव्हा आत काय होतं?”

“चरे होते. मला चरेच वाटले, बाई.”

“मग?”

“कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. तुम्ही शिकवलंत तसंच. मळ निघाला. चरे राहिले. ते मी बारीक पॉलिश पेपरने उतरवले.”

“बांगडीची आतली बाजू कोणाला दिसते?”

“कोणालाच नाही.”

“मग कशाला उतरवलेस?”



“मला अर्धवट काम आवडत नाही...”

रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

“मी तो पुन्हा कोरू शकते,” चारुता हलक्या आवाजात म्हणाली. “घासताना नीट पाहिला होता. कुठे होता, केवढा होता, सगळं आठवतं. तशीच दुसरी सापडली म्हणून नेऊन देईन. त्यांच्या पत्नीला आता दिसत नाही. ती बोटानेच चाचपते. तिला कळणार नाही. दोघंही सुखी होतील, बाई.”

बाई उठल्या. कपाटातून दाभण काढली आणि बांगडीशेजारी टेबलावर ठेवली.

“कोर.”

चारुताने दाभण उचलली. बांगडी डाव्या हातात धरली. टोक बरोबर त्या जागी टेकवलं.

“सांभाळून,” बाई म्हणाल्या. “त्या पोरीच्या हाताला अजून वळण लागलेलं नव्हतं.”

दाभणीचं टोक तिथेच थांबलं.

चारुताने ती खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले होते.

“त्यांचा पत्ता आहे?” बाईंनी विचारलं.

“आहे. तशी बांगडी कुठे सापडली तर कळवा म्हणून देऊन गेलेत.”

“मग इथे का आलीस?”

चारुता गेली.

खरमाळे पायांत चपला घालून दारातच उभे होते. पुन्हा बाजारात निघाले होते. चारुताने त्यांना तिथेच, उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगितलं आणि बांगडी पुढे केली.

ते रागावले नाहीत. त्यांनी बांगडी घेतली, पण आतून बोट फिरवलं नाही.

“तुम्ही पाहिलंत ते अक्षर?”

“पाहिलं. मला अक्षर वाटलं नाही.”

“उलटा होता ना?”

“हो, काका.”

त्यांनी चपला काढल्या.

“आत या. हिला सांगा. आम्हा दोघांशिवाय तो पाहिलेलं कोणी उरलं नव्हतं.”

आत खाटेवर त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई बसल्या होत्या. खरमाळ्यांनी त्यांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. काही न लपवता सांगितलं. त्या ऐकत राहिल्या.

मग त्यांनी आपला हात उघडून पुढे केला.

“कसा होता?”

चारुता त्यांच्यापुढे जमिनीवर बसली. त्यांच्या सुरकुतलेल्या तळव्यावर तिने बोटाने र काढला. उलटा.

“नाही,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “शेपटी लांब होती.”

चारुताने पुन्हा काढला. शेपटी मनगटापर्यंत नेली.

सुलोचनाबाईंनी मूठ मिटली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते. खरमाळे बांगडी हातात घेऊन नुसते उभे होते. ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचत नव्हतं.

संध्याकाळी चारुता परत आली तेव्हा एस्तेरबाई निवडत असलेली मेथी बाजूला सारून तिच्याकडे बघत राहिल्या.

“त्यांनी मला चहा दिला, बाई,” चारुता म्हणाली. “शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.”

बाईंनी तिच्यापुढे खुर्ची सरकवली.

“मी शिकले त्याचा काय उपयोग? सगळं ओळखलं मी. तेवढं सोडून सगळं...”

बाईंनी तिला पाणी दिलं. ती ते प्यायली नाही. पेला दोन्ही हातांत धरून ती बसून राहिली. बाहेर अंधारून आलं.

“बाई, हे माझ्या मनातून जाईल ना?”

एस्तेरबाईंनी मेथी पुन्हा पुढे ओढली.

“कशाला जायला हवं?”