नखाएवढी खुर्ची

वाचनालयाच्या नव्या सभागृहात माईक, स्पीकर आणि पडद्याच्या वायरी कुठून न्यायच्या, याचा नकाशा सुलक्षणा परीट यांनी काढला होता. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे सभागृहातला अर्धा मीटर, असं चोख प्रमाण. उद्घाटनाला आठच दिवस उरले होते आणि अध्यक्ष दादासाहेब इंगवल्यांच्या सहीशिवाय भिंतीला छिन्नी लागणार नव्हती.

नकाशाच्या कोपऱ्यात व्यासपीठ समोरून दिसतं तसं काढलं होतं. दादासाहेबांनी त्यावर बोट ठेवलं. "हे काय?"

"तुमची खुर्ची. माईकची वायर तिच्यापाशी येते."

"एवढीशी? पडदा बघा केवढा, आणि अध्यक्षाची खुर्ची नखाएवढी. दुप्पट काढा, मग सही करतो."

कार्यकारिणी एकदम पंख्याकडे बघू लागली. सुलक्षणाताईंनी शांतपणे पेन्सिलीला टोक केलं.

"काढते की. फक्त सुतार याच कागदाला पट्टी लावून खुर्ची बनवणार आहे. ती दुप्पट उंच होईल. मग दादासाहेब, तिच्यावर बसलात की तुमचे पाय काही जमिनीवर राहायचे नाहीत."

दादासाहेबांनी एकवार आपल्या चपलांकडे पाहिलं आणि पेन मागितलं. त्या दिवशी त्यांची सही पहिल्यांदाच चौकटीत मावली.