संशयी राजा आणि मातीचा तट

एक होता राजा, धारोजी नावाचा. भारी संशयी, बरं का! लोक दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात. हा पठ्ठ्या साधं पाणीही फुंकून प्यायचा.

एकदा काय झालं, शत्रू चालून येतोय अशी खबर आली. त्या मुलखात दगड नव्हता, नुसती माती. मग राजानं गावाच्या टेकाडाभोवती खंदक खणायला घेतला. खंदकातली माती वर टाकायची, चोपायची, की झाला तट. तिथली रीत अशी, की तटाच्या पायात प्रत्येक घराची एकेक पाटी माती पडायची, आपापल्या अंगणातली. लोक पाट्या घेऊन आले. राजानं डोळे बारीक केले. "यात कुणी करणी केली असेल तर? फेका ती!"

मग तट बांधला. सकाळी बघतात तर काय, खाली बसलेला! "पहारेकऱ्यांनीच पाडला," म्हणून राजानं त्यांना खंदकापलीकडे हाकललं. तट पुन्हा बांधला, पुन्हा बसला. "प्रधान फितूर झालाय!" गेला प्रधान बाहेर.

तिसऱ्यांदा तट ढासळत होता, तेव्हा राणी कमळजा तिथंच उभी. हात मातीनं भरलेले, आणि पोटात आठ महिन्यांचं बाळ.

"तूच पाडतेस!"

"अहो, मी सावरतेय."

ऐकेल तर शपथ! राणीला काढलं, तिची बाजू घेतली म्हणून गावालाही काढलं. मला तर असा राग येतो त्या मेल्याचा!

मग लांबवर धूळ उठली. शत्रू आला! राणी बाहेर, बाळ पोटात. राजा घाबरला, धावत जाऊन तटाला पाठ लावली. तर तट बोलला, बरं का!

"घराघरातली माती फेकलीस. माणसंही बाहेर काढलीस. मग मी राखू कुणाला?"

राजाला रडूच कोसळलं. "कमळजा, आत ये गं! सगळे या!"

लोक धावत आत आले, आपापल्या अंगणातली माती घेऊन तटाशी जमले. राणीची पाटी राजानं स्वतः उचलली. पाट्या पडल्या आणि तट असा घट्ट झाला, की शत्रूनं तीन फेऱ्या मारल्या आणि आल्या वाटेनं गेला.

राणीला गोरीपान लेक झाली. सगळे सुखात राहिले. राणी मात्र महिनाभर राजाशी बोलली नाही, आणि बरंच केलं.

चला, मिटा डोळे. हो, कडी लावलीय दाराला. उठून बघायचं नाही, माझ्यावर भरवसा ठेवायचा.