हौसाने काढलेला माग

फार फार वर्षांपूर्वी, डोंगरापलीकडच्या एका मुलखात हौसा नावाची तरुणी राहत होती. माग काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. गुरं चोरीला गेली की जमिनीवरच्या पावलांवरून ती चोराचं दार दाखवी. तिथला रिवाजही कडक होता. ज्या गावाच्या शिवेत माग येई, त्या गावाने तो पुढच्या शिवेपर्यंत काढून द्यायचा. नाही दिला, तर चोरी त्या गावाच्या माथी.

एकदा चोरलेल्या मेंढ्यांचा माग हौसाने थेट एका कारागिराच्या परसात नेला. हा कारागीर कापडावर उठवायचे लाकडी ठसे कोरी. मेंढ्या सापडल्या आणि चारचौघांत त्याची नाचक्की झाली. गडी मोठा कसबी, कोणाचाही चेहरा असा कोरी की सख्ख्या आईने फसावं. त्या कसबाचं त्याने काय केलं, ते ऐका. एका ठशात त्याने उघड्या बाईच्या देहावर हौसाचा चेहरा कोरला, कापडाच्या तुकड्यांवर ते चित्र उठवलं आणि तुकडे बाजारात गुपचूप सोडून दिले.

तुकडे या हातातून त्या हातात गेले. "आम्ही थोडंच काढलंय? नुसतं दाखवतोय," असं म्हणत चांगली चांगली माणसंही ते फिरवू लागली. हौसा पाणवठ्यावर आली की बायका गप्प होत. कोणी तिला माग काढायला बोलवेना. हिच्या शब्दावर आता विश्वास कोण ठेवील, असं लोक उघड म्हणू लागले.

हौसाने दार लावून घेतलं. तिला आपलाच चेहरा नकोसा झाला. दोन दिवस घास घशाखाली उतरला नाही. तेव्हा तिला हे काम शिकवणारी तिची आत्या येऊन शेजारी बसली.

"आत्या, तो देह माझा नाही गं," हौसा रडत म्हणाली.

"ठाऊक आहे मला. आणि समजा असता, तरी तुला न विचारता तो गावभर मिरवायचा हक्क कोणाला आहे? ऊठ. मी आहे बरोबर."

दोघी चावडीवर गेल्या. पाटील घसा खाकरून म्हणाले, "हौसा, चित्रातली बाई तू नव्हेस हे आधी सिद्ध कर. मग पुढचं बघू."

हौसाची मान खाली गेली. आत्या मात्र उसळली. "पाटील, बैल चोरीला गेला की तुम्ही बैलाची झडती घेता होय?"

लोक हसले. हौसाने डोळे पुसले आणि मान वर केली. "मला काही सिद्ध करायचं नाही. तुम्ही माग काढा. ज्याच्या हातात तुकडा आला, त्याने तो कोणी दिला ते सांगावं. नाही सांगितलं, तर चित्र त्याचंच."

पाटलांचे कान लाल झाले. त्यांनी कमरेला खोचलेला एक तुकडा काढून समोर ठेवला. "चुकलं माझं, पोरी. हा मला मेव्हण्याने दिला."

मेव्हण्याने शेजाऱ्याकडे बोट दाखवलं, शेजाऱ्याने आणखी कोणाकडे. दिवस मावळायच्या आत माग कारागिराच्या दारात पोचला. आत ठसा होता, त्यावरचा रंग अजून ओला होता.

ठसा तिथेच जाळला. कारागिराची हत्यारं काढून घेतली आणि त्याला मुलखाबाहेर घालवलं. ज्यांनी तुकडे फिरवले, त्यांनाही सोडलं नाही. ज्याला ज्याला दाखवलं, त्याच्या दारी जाऊन "ते खोटं होतं आणि मी ते फिरवलं" असं सांगायचं आणि तुकडा परत आणायचा, अशी त्यांना शिक्षा झाली.

सगळे तुकडे परत आले, असं मी सांगणार नाही. काही शिवेपलीकडे गेले ते गेलेच. पण हौसा पुन्हा माग काढू लागली आणि लोक तिच्या शब्दावर चालू लागले.

पुढे एका बाजाराच्या दिवशी एका परक्या फिरस्त्याने डोळा मारत तसाच एक तुकडा बांगड्या विकणाऱ्या म्हातारीपुढे धरला. चित्रात दुसरीच कोणी मुलगी होती. म्हातारीने त्याचं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, "हे तुला कोणी दिलं? चल आधी चावडीवर."

तात्पर्य: जिची विटंबना झाली तिला जाब विचारू नये, ज्याने केली आणि ज्यांनी ती हातोहात पसरवली, त्यांना विचारावा.